शेकवाली बाई

सकाळी सूनबाई मिक्सर लावते तेव्हा मी अंथरुणातच कान टवकारते. आत काय घातलंय ते मला आवाजावरून कळतं. नुसतं केळं असलं तर मिक्सर गुरगुरतो. खजूर असला की अडखळतो, आणि चुकून बी राहिली असली तर किंचाळतो. ओट्स घातले की त्याचा घसा बसतो. त्या चिया नावाच्या बियांचा मात्र काही आवाज नाही. त्या वरून घालतात, आणि मग त्या ग्लासात बेडकाच्या अंड्यांसारख्या फुगून बसतात. हे शेवटचं वाक्य मी एकदा नातीसमोर बोलून गेले. त्या दिवसापासून नातीने चिया सोडल्या आणि सूनबाईने माझ्याशी बोलणं सोडलं. बोलणं परत सुरू झालं. चियाचं काही नाव नाही.

नात चार वर्षांची. अंगाने काडी, तोंडाने तोफ. तिच्यासाठी रोज सकाळी तो ग्लास भरतो: केळं, खजूर, भिजवून सोललेले बदाम, ओट्स, दूध. नाव स्मूदी. नात ग्लास तोंडाला लावते, एक मोठा घोट घेते, गाल फुगवते आणि तो घोट तसाच गालात ठेवून घरभर फिरते. बाल्कनीत जाऊन खालचा भाजीवाला बघते, टीव्हीसमोर उभी राहते, माझ्या कपाटाचं दार उघडून बंद करते. विचारलं, "गिळलास का गं?" तर मान हलवून हो म्हणते, कारण तोंड उघडलं तर पकडली जाईल. शेवटी बाथरूमच्या बेसिनशी जाऊन मोकळी होते. तोवर तिची आई दारात, एका पायात बूट, दुसऱ्या पायाचा हातात, बॅग खांद्यावर. खाली ऑफिसची गाडी हॉर्न देत असते.

मला यात मजाच वाटायची. मग ते डॉक्टरचं झालं.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं करून सांगितलं, वजन जरा कमी आहे, महिन्याने परत दाखवा. आणि त्याच आठवड्यात सूनबाईच्या ऑफिसने तिला विचारलं की, अख्खं खातं सांभाळशील का. ती एका कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात आहे. काम मोठं, घरी यायला उशीर, उत्तर महिन्याभरात द्यायचं. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात. संध्याकाळी ओट्याशी मटार सोलता सोलता ती म्हणाली, "आई, मी विचार करतेय, नोकरीच सोडून द्यावी. माझी पोरगी वाळत चाललीये आणि मी इकडे लोकांच्या पोरांना नोकरीला लावतेय."

माझा मुलगा मोबाइलमागून म्हणाला, "बघ, तुला काय वाटतं ते." कोबी आणू की फ्लॉवर, याचंही तो हेच उत्तर देतो.

मी गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणून घरात दोघांनीही वर बघितलं. पण मला बोलता येईना, कारण हेच वाक्य, याच ओट्याशी उभं राहून बोललेली एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तेव्हा ओट्याला कडप्पा होता, आता ग्रॅनाइट आहे. बाई तीच. मीच ती, असं म्हणायची मला अजून लाज वाटते, म्हणून मी तिला "ती" म्हणते.

तर ती. गिरगावातल्या दोन खोल्यांतून उठून शांती नगरात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेली. लिफ्ट नाही, पण घरात स्वतःचा संडास, म्हणून स्वतःला महाराणी समजणारी. फोर्टात विमा कंपनीत टायपिस्ट. केसांचा अंबाडा घालायचं सोडून देऊन बॉबकट केलेली, जो तिला अजिबात शोभत नव्हता. आणि घरात मिक्सर! सबंध जिन्यात पहिला. आता मिक्सर असणं ही गोष्ट शेजाऱ्यांना कळणार कशी? मग ही बाई सकाळी स्वयंपाकघराची डक्टकडची, म्हणजे इमारतीच्या मधल्या पोकळीकडची, खिडकी सताड उघडायची आणि मिक्सर लावायची. चटणी असो नसो. एकदा तिचा नवरा दाढी करता करता ओरडला, "अगं, आत काही घातलंयस का, की नुसताच फिरवतेयस?" आत काही नव्हतं. पण समोरच्या गुजराती बेन दारात येऊन "मिक्सर लाव्या के?" म्हणजे आणलात का, म्हणून विचारून गेल्या, तेव्हा बाईचा दिवस सोन्याचा झाला.

तिला एक मुलगा होता. तीन वर्षांचा, काडीसारखा. तोच, आता मोबाइलमागे बसलेला. त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत "गुटगुटीत बालक स्पर्धा" होती. ज्याला पोराच्या हाडांवर मांस दिसत नाही त्याने अशा स्पर्धेपासून लांब राहावं, एवढी अक्कल कोणालाही असते. बाईने नाव दिलं. पोराला दोन गंज्या आत घालून, वरून स्वेटर चढवून मंडपात उभं केलं. भाद्रपदात स्वेटर! परीक्षक बाईंनी तो काढायला लावला. मग एक गंजी. मग दुसरी. कांदा सोलावा तसं पोर सोललं आणि आत काही निघालंच नाही. बक्षीस तळमजल्यावरच्या पोराला गेलं, ज्याच्या घरी मिक्सर सोडा, पाटा-वरवंटाही धड नव्हता.

मंडपातून घरी येईपर्यंत बाईचं ठरलं. पोराला गुटगुटीत करायचं. कसं? आधुनिक पद्धतीने. तिने कुठल्याशा बायकांच्या मासिकात वाचलं होतं, केळं आणि दूध आणि साखर मिक्सरमधून काढलं की त्याला मिल्कशेक म्हणतात. आता केळं, दूध आणि साखर म्हणजे शिकरण. तिची आई करायची, आजी करायची, बाराही महिने पोळीबरोबर असायचं. पण शिकरण हाताने कुस्करतात. त्याचा आवाज येत नाही. तेव्हा शिकरणाचा मिल्कशेक झाला, आणि मिल्कशेक म्हणायला वेळ लागतो, ऑफिसला जाणाऱ्या बायका फार घाईत असतात, म्हणून त्याचा नुसता "शेक" झाला. "बाबूला शेक दिला का?" "बाबूने शेक घेतला नाही अजून." खिडकी उघडी ठेवून, मोठ्याने. जिन्यातली पोरं तिला शेकवाली म्हणायला लागली. हे तिला बऱ्याच उशिरा कळलं. कळलं तेव्हा तो मान आहे असं वाटलं.

दिवसभर पोराला बघायला कोकणातून सासूबाई आल्या. संगमेश्वराकडच्या, हातात सतत काहीतरी काम असलेल्या. मिक्सरला हात लावायच्या नाहीत. "तो ओरडतो माझ्यावर," म्हणायच्या.

त्या आल्या त्याच आठवड्यात एक दिवस बाईने पहाटेच शेक करून ठेवला. भांड्यावर ताटली झाकली. निघताना दारातून, जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आई, बाबूला न्याहारीच्या वेळेला शेक द्या. सगळं ओट्यावर काढून ठेवलंय. पूर्ण द्या हं! रडला तरी सोडू नका!"

संध्याकाळी ती घरी आली. पोर लालबुंद गाल करून गाढ झोपलं होतं. ओट्यावर मिक्सरचं भांडं तसंच, ताटलीखाली शेक काळा पडलेला, वर साय धरलेली.

"आई, हे काय? शेक दिला नाहीत?"

"दिला तर!" सासूबाई म्हणाल्या. "तवा तापवला, फडक्याची घडी केली, ओव्याची पुरचुंडी बांधली नि पोटाला, पाठीला मस्त शेकलं. आरडला गो, पण तू म्हणालीस सोडू नका. नाही सोडला. सगळा वारा सरला त्याचा. मग दोन वेळा वरणभात मागून खाल्लान नि झोपला."

"आणि हे?" बाईने भांडं पुढे धरलं.

सासूबाईंनी वाकून बघितलं, वास घेतला. "मला वाटलं, कालचं शिकरण विसरलीस. टाकलं असतं तर आरडली असतीस माझ्यावर, म्हणून ठेवलं झाकून."

आता सांगा, यात चूक कोणाची? "शेक दे" म्हटल्यावर साऱ्या महाराष्ट्रातली कुठलीही म्हातारी काय करेल? तवाच तापवेल. पोराचं पोट मऊ झालं होतं, ते मागून जेवलं होतं, जे शेक घेऊन त्याने कधीच केलं नव्हतं. कोणी शहाणी बाई असती तर तिथेच जमिनीवर बसून हसून हसून लोळली असती. ही बाई तांबडीलाल झाली. खिडकी उघडी होती ना! सगळं बोलणं डक्टमधून साऱ्या मजल्यांवर गेलं होतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी हसलं. समोरच्या बेनना सासूबाईंची बोली कळत नव्हती, तर ती त्यांना त्यांच्या नवऱ्याने समजावून सांगितली, आणि मग तिकडूनही हसू आलं.

बाईने ओट्यावर भांडं आदळलं आणि म्हणाली, "माझं पोर वाळत चाललंय आणि मी लोकांची पत्रं टाइप करत बसते!" आठवड्यात राजीनामा. साहेबांना सांगितलं, मुलाच्या तब्येतीसाठी. शेजाऱ्यांना सांगितलं, मुलाच्या तब्येतीसाठी. पुढे तीस-पस्तीस वर्षं जो विचारेल त्याला तेच सांगितलं. माणूस तेच तेच इतकं सांगतो की त्याला वाटायला लागतं, आपण मोठा त्याग केला. बाईचा चेहरासुद्धा त्यागाचा व्हायला लागला होता. फोटोत दिसतो.

पुढे ती दिवसातून दोनदा शेक करायची. पोर काडीच राहिलं. आणि कॉलेजात गेल्यावर कोणीही न सांगता, कुठलाही शेक न घेता, खालच्या गाडीवरचे वडे खाऊन असं काही गुटगुटीत झालं की विचारू नका. सासूबाई गावाला परत गेल्या, आणि असेपर्यंत दर फोनवर पहिला प्रश्न, "शेक दिलास काय गो?" आणि पलीकडे खोऽ खोऽ हसणं. त्या रागावल्या असत्या तर बाईला बरं वाटलं असतं.

तर मटार सोलताना मला हे सगळं आठवलं आणि मी गप्प राहिले. मनात म्हटलं, या घरात केळ्यापायी दुसरी नोकरी जाता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सूनबाई गेल्यावर मी कंबर कसली. स्मूदी बाजूला ठेवली, वाटी घेतली, वेलची केळी घेतली, नातीसमोर मांडी घालून बसले. "बघ बाय, आजी कशी खरी गंमत करते." केळी कुस्करली, दूध, साखर, वरून वेलदोडा. पिढ्यान्‌पिढ्या पोसत आलेलं शिकरण! मी मनातल्या मनात सूनबाईला सांगायची वाक्यंसुद्धा तयार करून ठेवली होती.

नातीने बोट बुडवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "ई. हे तर कोणीतरी आधीच खाल्लंय."

संपलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं शिकरण मीच संपवलं, पोळीबरोबर.

पुढच्या तीन-चार सकाळी असंच काहीबाही करून बघितलं. गोष्टी सांगितल्या. ग्लासाला रंगीत नळी आणली. ती नळीतून फुंकून बुडबुडे काढायला लागली आणि माझ्या साडीवर चिया नसलेली स्मूदी सांडली. शेवटी गुडघा ठणकायला लागला तशी मी सगळं सोडून दिवाणावर पाय पसरून बसले आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली.

"आजी, काय करतेस?"

"शेक घेतेय."

नात माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ग्लासाकडे. मग परत माझ्या गुडघ्याकडे. "शेक तर प्यायचा असतो!"

"तो तुझा शेक. हा माझा."

"पण तू तुझा शेक पीत नाहीयेस."

"माझ्या शेकाला तोंड लागत नाही. पण कोणीतरी द्यावा लागतो. आपला आपण घेतला की गुण येत नाही." हे मी तिथल्या तिथे बनवलं. लहानपणापासून बनवत आलेय, हात बसलाय.

"मी देऊ?"

मी पिशवीतलं पाणी कोमट केलं आणि पिशवी तिच्या हातात दिली. तिने दोन्ही हातांनी ती माझ्या गुडघ्यावर दाबली, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. "दुखतंय?"

"फार. आता माझी पाळी. तू मला शेक दिलास, मी तुला देते. एक तुझा, एक माझा." ग्लास तिच्या तोंडाला लावला. तिने घोट घेतला आणि चक्क गिळला. कारण तिला घाई होती, परत पिशवी दाबायची होती. एक तुझा, एक माझा करता करता ग्लास रिकामा झाला आणि माझा गुडघा आयुष्यात प्रथमच एवढा शेकला गेला की दुसरा गुडघा रुसला. दुसऱ्या दिवसापासून तीच मागायला लागली, "आजी, शेक शेक खेळूया." मध्येच कधी गालात धरायची, मग मी कण्हायची. कण्हलं की गिळायची. पोरीला दया आहे.

सूनबाईला मी काही सांगितलं नाही. ग्लास रिकामा दिसला तर ती बेसिनचा वास घ्यायची, बाल्कनीतल्या कुंड्या तपासायची. एकदा माझ्या तोंडाकडेही संशयाने बघितलं. "आई, खरं सांगा, तुम्ही पिता?"

"मी? ते शेवाळ?" मी म्हटलं. त्या दिवशी तिने त्यात पालक घातला होता. नाही तर मी तेवढं बोलले नसते.

महिना भरला तशी आम्ही सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेलो. शनिवारची संध्याकाळ, दवाखान्यात पोरांची जत्रा. सूनबाईच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल. काटा थोडासा सरकला होता. फार नाही, थोडासा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढतंय. बच्ची अ‍ॅक्टिव्ह आहे, खेळते, काही टेन्शन नाही. काही मुलं मूळचीच बारीक असतात. घरात लहानपणी कोण बारीक होतं?"

"हा," मी म्हटलं, आणि माझ्या मुलाकडे बोट केलं.

खुर्चीत तो बसला होता. म्हणजे खुर्ची दिसत नव्हती, तो दिसत होता. शर्टाची मधली दोन बटणं जीव धरून होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "ये? ये पतले थे?"

"काडी," मी म्हटलं. "स्वेटर घालून स्पर्धेत उभा केला होता."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्याला म्हणाल्या, "अंकल, पुढच्या वेळी तुम्हीही काट्यावर या." पस्तिशी उलटलेला माझा मुलगा, डॉक्टरने अंकल म्हटल्यावर मोबाइलसुद्धा बघायचा विसरला.

परत येताना तो पुढे चालत निघाला, "जरा चालतो," म्हणून. आम्ही तिघी रिक्षात. नात माझ्या मांडीवर. सूनबाईने तिच्या पायातून निसटलेली चप्पल परत चढवली. मग म्हणाली, "आई, तुम्हीही यांच्या तब्येतीसाठी नोकरी सोडली होती ना? मला वाटतं मी पण... एवढंसं वाढलंय, उद्या परत कमी झालं तर?"

आता मात्र मला गप्प राहणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. खिडकी, मिक्सर, तवा, ओव्याची पुरचुंडी, "रडला तरी सोडू नका". सूनबाई आधी ओठ दाबून ऐकत होती, मग एवढी हसली की रिक्षावाला आरशातून बघायला लागला. नातीला काही कळलं नाही, पण ती आमच्यापेक्षा मोठ्याने हसली.

मग सूनबाई डोळे पुसत थांबली आणि म्हणाली, "पण मग चूक कळल्यावर परत का नाही गेलात? साहेबांनी घेतलं असतं ना?"

"घेतलं असतं. निरोपही आला होता."

"मग?"

"मग शेकवाली बाई चुकली, हे साऱ्या जिन्याला कळलं असतं."

ती हसली नाही. रिक्षा सिग्नलला थांबली होती. मी म्हटलं, "तुझ्या वेळेला निदान डक्टची खिडकी तरी बंद असते. एसी आहे."

बिल्डिंगखाली उतरलो. कोपऱ्यावर केळीवाला उभा होता. "आंटी, आज एलची एकदम ताजा." मी केळी निवडायला लागले, हाताने दाबून दाबून. सूनबाई जरा बाजूला जाऊन मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मी बघत नव्हते असं दाखवून बघत होते. मग तिने अंगठा दाबला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला, चेन लावली. माझ्याजवळ येऊन केळीवाल्याला म्हणाली, "भैया, और एक डझन दे दो. अब रोज लगेंगे."

सोमवारी सकाळी मिक्सर लागला. मी कान टवकारले: केळं, खजूर, बी राहिलेली. सूनबाई नव्या जागेवर जायची म्हणून नवीन ड्रेस घालून दारात, एका पायात बूट, दुसऱ्या पायाचा हातात. खाली गाडीचा हॉर्न. ती जिन्यातून दोन पायऱ्या उतरली, परत वर आली, दारातून डोकं आत घातलं आणि साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आई, तिला शेक द्या हं! पूर्ण द्या! रडली तरी सोडू नका!"

नात गरम पाण्याची पिशवी घेऊन आधीच दिवाणाशी उभी होती. मी आतून विचारलं, "कुठला?"